मन वळवणे आणि मतपरिवर्तन यांचे संशोधन : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

या विषयात नेमका कशाचा अभ्यास होतो?

एखादी व्यक्ती, वस्तू, कल्पना किंवा कृती यांच्याकडे अनुकूल वा प्रतिकूल नजरेने पाहण्याचा जो तुलनेने टिकाऊ कल माणसाच्या मनात असतो, त्याला मराठी मानसशास्त्रात ‘अभिवृत्ती’ म्हणतात. हा कल कसा बनतो, शब्दांनी, चित्रांनी किंवा प्रसंगांनी तो कधी बदलतो, बदललेला किती दिवस टिकतो आणि त्याप्रमाणे माणूस प्रत्यक्षात वागतो का, हे या संशोधनाचे प्रश्न आहेत. लसीकरणाची मोहीम, साबणाची जाहिरात, निवडणुकीचा प्रचार आणि वडिलांनी तंबाखू सोडावी म्हणून मुलीने धरलेला आग्रह या सर्व गोष्टी त्यात येतात. बळजबरी मात्र येत नाही, कारण ‘नाही’ म्हणण्याची मुभा समोरच्याला असेल तरच मन वळवले असे म्हणता येते.

‘अनुनय’ हा शब्द का वापरत नाही?

शब्द सुंदर आहे आणि जुन्या अर्थाने अगदी नेमकाही आहे. परंतु मराठी वर्तमानपत्रांत गेली कित्येक दशके तो कोणाची तरी खुशामत किंवा लांगूलचालन करणे या अर्थी रुळला आहे. त्यामुळे या पानावर ‘मन वळवणे’ हाच साधा शब्दप्रयोग ठेवला आहे. त्याचा आणखी एक फायदा असा की, वळायचे आहे ते दुसऱ्याचे मन आहे, याची तो पदोपदी आठवण करून देतो.

हा अभ्यास कधी सुरू झाला?

वक्तृत्वाचे शास्त्र ॲरिस्टॉटलइतके जुने आहे. प्रयोग करून तपासण्याची पद्धत मात्र मुख्यतः दुसऱ्या महायुद्धात उभी राहिली. येल विद्यापीठातील कार्ल हॉव्हलंड यांना अमेरिकी लष्कराने एका व्यावहारिक प्रश्नासाठी बोलावले होते. नव्याने भरती झालेल्या सैनिकांना युद्धाची कारणे समजावीत म्हणून चित्रपट दाखवले जात होते आणि त्यांचा उपयोग होतो का, हे लष्कराला हवे होते. हॉव्हलंड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काही तुकड्यांना चित्रपट दाखवले, काहींना दाखवले नाहीत, आणि नंतर दोन्हींना तेच प्रश्न विचारले. चित्रपट पाहिलेल्यांची माहिती स्पष्टपणे वाढली होती, काही विशिष्ट मतेही थोडी सरकली होती, पण लढण्याच्या इच्छेत म्हणण्यासारखा फरक पडला नव्हता.

१९४९ मध्ये ग्रंथरूपाने आलेला हा निष्कर्ष आजही पुरेसा मनावर घेतला जात नाही, असे मला वाटते. लोकांना माहिती नाही म्हणून ते असे वागतात, असे गृहीत धरून आपल्याकडे अजूनही भित्तिपत्रके छापली जातात.

सांगणारा कोण आहे, याने किती फरक पडतो?

सुरुवातीला बराच पडतो. १९५१ मध्ये हॉव्हलंड आणि वॉल्टर वाइस यांनी विद्यार्थ्यांना काही लेख वाचायला दिले. मजकूर सर्वांना सारखाच होता, फक्त लेखाखालचे नाव वेगळे होते. अणुशक्तीवर चालणारी पाणबुडी लवकरच बांधता येईल का, या विषयावरच्या लेखाचे श्रेय काहींच्या प्रतीत भौतिकशास्त्रज्ञ रॉबर्ट ओपनहायमर यांना दिले होते, तर काहींच्या प्रतीत सोव्हिएत वृत्तपत्र ‘प्रावदा’ला. ओपनहायमर यांच्या नावाने वाचणाऱ्यांची मते जास्त बदलली. मात्र मजकुरातील माहिती दोन्ही गटांना जवळपास सारखीच आठवत होती.

खरी गंमत चार आठवड्यांनी झाली. तोवर दोन्ही गटांतला फरक जवळजवळ नाहीसा झाला होता, कारण विश्वासार्ह नावाचा परिणाम ओसरला होता आणि अविश्वासार्ह नावाखालचा मजकूर आता जास्त पटू लागला होता. मुद्दा मनात राहिला, पण तो कोठून आला ही आठवण त्याच्यापासून सुटून गेली. पुढे १९५३ मध्ये हर्बर्ट केल्मन आणि हॉव्हलंड यांनी दाखवले की, मूळ स्रोताची आठवण करून दिली की फरक पुन्हा उभा राहतो. हा विलंबित परिणाम दर वेळी दिसत नाही. मुद्दे बळकट असतील आणि ते वाचून झाल्यावर स्रोत संशयास्पद असल्याचे कळले असेल, तर तो दिसण्याची शक्यता वाढते. ‘कोणीतरी पुढे पाठवले होते, पण कोणी ते आठवत नाही’ हे वाक्य आपण रोज ऐकतो, म्हणून हा जुना प्रयोग मला फार महत्त्वाचा वाटतो.

आपलीच बाजू मांडावी की विरुद्ध बाजूही सांगावी?

१९४५ मध्ये, जपानविरुद्धचे युद्ध अजून बराच काळ चालेल हे सैनिकांना पटवण्यासाठी दोन रेडिओभाषणे तयार केली गेली. एकात फक्त त्या बाजूचे मुद्दे होते. दुसऱ्यात युद्ध लवकर संपेल असे मानणाऱ्यांचे मुद्देही घेतले होते. जे आधीपासून सहमत होते त्यांच्यावर एकतर्फी भाषणाचा परिणाम अधिक झाला आणि जे असहमत होते त्यांच्यावर दुतर्फी भाषणाचा. अधिक शिकलेल्यांनाही दुतर्फी मांडणी जास्त पटली.

पुढच्या संशोधनाने यात एक महत्त्वाची दुरुस्ती केली. विरुद्ध मुद्दा नुसता सांगून सोडून दिला तर एकतर्फी मांडणीपेक्षाही परिणाम कमी होतो, परंतु तो सांगून त्याचे खंडन केले तर परिणाम सर्वांत चांगला होतो. भारतीय शास्त्रचर्चेची परंपरा ज्याला ठाऊक आहे त्याला यात ओळखीची खूण सापडेल. आधी पूर्वपक्ष, तोही प्रतिपक्षाला मान्य होईल इतक्या प्रामाणिकपणे मांडायचा आणि मग उत्तरपक्ष. ती परंपरा सत्य ठरवण्यासाठी होती, मन वळवण्याचे तंत्र म्हणून नव्हे, हा फरक मात्र विसरू नये.

माणसाला मुद्द्याने पटते की वक्त्याच्या प्रभावाने?

त्या वेळी तो किती विचार करण्याच्या मनःस्थितीत आणि परिस्थितीत आहे, यावर ते अवलंबून असते. रिचर्ड पेटी आणि जॉन कॅसिओपो यांनी १९८० च्या दशकात मांडलेल्या सिद्धान्ताचे हेच सार आहे. शेली चायकेन यांनी १९८० मध्ये जवळपास याच दिशेचा विचार स्वतंत्रपणे मांडला होता.

पेटी, कॅसिओपो आणि गोल्डमन यांचा १९८१ चा प्रयोग पाहावा. पदवी मिळण्याआधी आपल्या मुख्य विषयाची एक व्यापक परीक्षा द्यावी लागेल, असा प्रस्ताव विद्यार्थ्यांना ऐकवण्यात आला. काहींना सांगितले की ही परीक्षा पुढच्याच वर्षी सुरू होईल, तर काहींना सांगितले की दहा वर्षांनी. काहींना बळकट युक्तिवाद ऐकवले आणि काहींना पोकळ. प्रस्ताव कोणाचा, तर काहींसाठी प्रिन्स्टनच्या प्राध्यापकाच्या अध्यक्षतेखालील आयोगाचा आणि काहींसाठी एका शाळेतल्या वर्गाचा. ज्यांच्या गळ्यात ती परीक्षा खरोखर पडणार होती त्यांनी मुद्द्यांचा कस पाहिला. दहा वर्षांनी जे होणार होते त्याची ज्यांना झळ नव्हती, त्यांनी मुख्यतः सांगणारा कोण, एवढेच पाहिले.

यातून एक गोष्ट निघते, जी या पानाचा गाभा आहे. संदेश ऐकताना श्रोता मनातल्या मनात जे बोलतो, म्हणजे ‘हे खरे आहे’, ‘पण मग त्याचे काय’, ‘हा कोण सांगणारा’, त्या मूक संवादावर मतपरिवर्तन बहुतांशी ठरते. अँथनी ग्रीनवाल्ड यांनी १९६८ मध्येच हे सुचवले होते. वक्त्याचा मुद्दा आठवण्यापेक्षा त्या मुद्द्यावर स्वतः केलेला विचार अधिक निर्णायक असतो. विचारपूर्वक बदललेले मत जास्त टिकते, प्रतिवादाला जास्त पुरते आणि वागण्यातही जास्त उतरते.

भीती दाखवली तर लोक ऐकतात का?

केवळ भीती दाखवून फारसे साधत नाही. हॉवर्ड लेव्हेंथाल आणि सहकाऱ्यांनी १९६५ मध्ये येलच्या विद्यार्थ्यांना धनुर्वातावरच्या पुस्तिका दिल्या. काही पुस्तिका अतिशय भयानक होत्या, काही सौम्य. भयानक पुस्तिका वाचणारे अधिक घाबरले आणि लस घ्यायला हवी असे त्यांनी अधिक ठामपणे म्हटलेही, पण प्रत्यक्ष लस घेण्यात त्या भीतीने फरक पडला नाही. फरक पडला तो दुसऱ्याच एका गोष्टीने. काही पुस्तिकांत विद्यापीठाचा नकाशा होता, त्यावर आरोग्य केंद्रावर खूण केली होती, आणि आपला आठवड्याचा दिनक्रम पाहून केव्हा जाता येईल ते ठरवा, अशी विनंती होती. असा नकाशा मिळालेल्यांपैकी सुमारे २८ टक्के विद्यार्थी लस घ्यायला गेले. नकाशा नसलेल्यांपैकी सुमारे ३ टक्केच गेले. हे शेवटच्या वर्षाचे विद्यार्थी होते आणि आरोग्य केंद्र कोठे आहे हे त्यांना आधीच ठाऊक होते. नकाशाने माहिती दिली नाही, त्याने पाऊल टाकायची जागा दाखवली.

भारतात २०१६ पासून तंबाखूच्या वेष्टनाचा ८५ टक्के भाग चित्रमय इशाऱ्याने व्यापलेला असतो. २०१८ पासून त्यावर व्यसनमुक्तीसाठी मदतीचा दूरध्वनी क्रमांकही छापला जातो. संशोधनाच्या दृष्टीने पाहिले तर त्या चित्राइतकेच, किंबहुना अधिक, मोल त्या क्रमांकाला आहे.

आधी मत बदलते आणि मग वागणे, की उलट?

दोन्ही होते. लिऑन फेस्टिंजर यांनी १९५७ मध्ये बोधात्मक विसंवादाचा सिद्धान्त मांडला. आपले वागणे आणि आपले मत जुळत नाही असे जाणवले की माणूस अस्वस्थ होतो, आणि झालेले वागणे पुसता येत नसल्याने तो मत बदलून घेतो.

त्यांनी मेरिल कार्लस्मिथ यांच्यासह केलेला १९५९ चा प्रयोग प्रसिद्ध आहे. विद्यार्थ्याने अर्धा तास एका हाताने बारा रिळे ताटात भरायची, रिकामी करायची, पुन्हा भरायची. मग अर्धा तास एका फळीवरच्या ४८ चौकोनी खुंट्या पाव फेरा, पुन्हा पाव फेरा, अशा फिरवत राहायच्या. काम जाणूनबुजून कंटाळवाणे ठेवले होते. त्यानंतर बाहेर बसलेल्या मुलीला ‘काम फार मजेचे आहे’ असे सांगण्यासाठी काहींना १ डॉलर देण्यात आला आणि काहींना २० डॉलर. पुढे काम कसे वाटले, असे विचारल्यावर २० डॉलर मिळालेल्यांनी ते नीरसच ठरवले. १ डॉलर मिळालेल्यांना मात्र ते बऱ्यापैकी आवडले होते. खोटे बोलण्याला १ डॉलर हे पुरेसे कारण नव्हते, म्हणून त्यांनी ते खोटे स्वतःपुरते थोडेसे खरे करून घेतले.

येथे एक इशारा आवश्यक आहे. याच जातीचा एक प्रयोग, ज्यात मताविरुद्ध निबंध लिहायला सांगतात, ३९ प्रयोगशाळांनी मिळून पुन्हा करून पाहिला आणि त्याचे निष्कर्ष २०२४ मध्ये आले. निबंध लिहिणाऱ्यांची मते काही प्रमाणात सरकली, पण ‘लिहायचे की नाही हे तुमच्यावर आहे’ असे सांगितल्याने परिणाम वाढतो, ही सिद्धान्ताची महत्त्वाची अपेक्षा खरी ठरली नाही. पाठ्यपुस्तकांतली ठाम वाक्ये त्यामुळे थोडी सैल करावी लागतील.

मत बदलले म्हणजे वागणेही बदलते का?

आपोआप बदलत नाही. १९३४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या रिचर्ड लापिएर यांच्या अभ्यासात ते एका चिनी जोडप्यासह अमेरिकेत हिंडले आणि २५१ हॉटेले व उपाहारगृहांपैकी फक्त एका ठिकाणी त्यांना नकार मिळाला. नंतर पत्राने विचारले तेव्हा उत्तर देणाऱ्यांपैकी ९० टक्क्यांहून अधिकांनी चिनी लोकांना प्रवेश देणार नाही, असे कळवले. उत्तर देणारा आणि दारात उभा असलेला माणूस एकच होता का, अशी या अभ्यासावरची टीका रास्त आहे. पुढे मार्टिन फिशबाइन आणि आइसेक आइझेन यांनी स्पष्ट केले की, सर्वसाधारण मतावरून विशिष्ट कृतीचे भाकीत करता येत नाही. ‘व्यायाम चांगला’ या मतावरून उद्या सकाळी सहाला कोण उठेल, हे कळत नाही.

भाषणापेक्षा चर्चा अधिक परिणामकारक असते का?

अनेकदा असते. युद्धकाळात अमेरिकेत मांसाचा तुटवडा होता, आणि गृहिणींनी हृदय, गुर्दे असे सहसा टाळले जाणारे भाग शिजवावेत, असे सरकारला वाटत होते. कुर्ट लेविन यांनी काही गटांना पौष्टिकता, बचत आणि पाककृती सांगणारे उत्तम व्याख्यान दिले. इतर गटांत मात्र बायकांनीच आपापसांत चर्चा केली, म्हणजे घरचे नाक मुरडतील त्याचे काय, शिजताना येणाऱ्या वासाचे काय, आणि शेवटी कोण करून पाहणार, हे हात वर करून ठरवले. नंतरच्या पाहणीत व्याख्यान ऐकलेल्यांपैकी ३ टक्के आणि चर्चा केलेल्यांपैकी ३२ टक्के स्त्रियांनी तो पदार्थ केला होता. या पद्धतीत चर्चा, उघड निर्णय आणि ‘आम्ही पुन्हा विचारायला येऊ’ ही सूचना अशा अनेक गोष्टी एकत्र होत्या, त्यामुळे नेमका परिणाम कशाचा, हे या एका प्रयोगावरून सांगता येत नाही. १९५४ मध्ये अर्व्हिंग जॅनिस आणि बर्ट किंग यांनी दाखवले की, भाषण ऐकणाऱ्यापेक्षा ते स्वतः रचून बोलणाऱ्याचे मत जास्त बदलते.

गाडगेबाबांचे कीर्तन आठवल्याशिवाय मला हा भाग लिहिता येत नाही. ते श्रोत्यांना एकामागून एक साधे प्रश्न विचारत, उत्तरे त्यांच्याच तोंडून काढून घेत, आणि कर्ज काढून सण करणे किंवा देवाला बकरे कापणे चुकीचे आहे, हे अखेर श्रोताच बोलून बसे. कीर्तनाआधी त्यांनी गावाचा रस्ता स्वतःच्या हातांनी झाडलेला असे, हेही विसरता येत नाही. हा प्रयोगशाळेतला पुरावा नव्हे, पण ज्याने जॅनिस आणि किंग वाचले आहेत त्याला त्या कीर्तनाची घडण अधिक नीट दिसते.

‘कितीतरी लोक हे चुकीचे करतात’ असे सांगून सुधारणा होते का?

बहुधा उलट होते. ॲरिझोनातील अश्मीभूत वृक्षांच्या राष्ट्रीय उद्यानात पर्यटक दगड झालेल्या लाकडाचे तुकडे उचलून नेत. रॉबर्ट चाल्डिनी आणि सहकाऱ्यांनी खुणा केलेले तुकडे वाटांवर ठेवले आणि वेगवेगळ्या पाट्या लावल्या. पूर्वीच्या अनेक पर्यटकांनी लाकूड नेल्याचे सांगणाऱ्या पाटीजवळून सुमारे ८ टक्के तुकडे गेले. कृपया नेऊ नका, एवढेच सांगणाऱ्या पाटीजवळून २ टक्क्यांहून कमी. पहिल्या पाटीने नकळत ‘सगळेच नेतात’ असे सांगितले होते.

रवांडातील अभ्यास याहून खोल आहे. वंशसंहारानंतर तेथे ‘नवी पहाट’ या अर्थाच्या नावाची, सलोख्याचा विषय असलेली रेडिओमालिका सुरू झाली. एलिझाबेथ लेव्ही पॅलक यांनी काही गटांना वर्षभर ती ऐकवली आणि काहींना आरोग्यावरची मालिका. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार सलोख्याची मालिका ऐकणाऱ्यांच्या वैयक्तिक श्रद्धा फारशा बदलल्या नव्हत्या, पण आपल्या समाजात काय वागणे रीतीचे मानले जाते, ही समजूत बदलली होती. शेवटच्या दिवशी प्रत्येक गटाला भेट म्हणून कॅसेट वाजवण्याचे यंत्र आणि कॅसेट मिळाल्या. आरोग्याची मालिका ऐकणारे गट सहसा ते स्थानिक प्रमुखाच्या हवाली करून मोकळे होत. सलोख्याची मालिका ऐकलेल्या गटांत मात्र यंत्र सर्वांनी मिळून कसे सांभाळायचे, याची बोलणी सुरू झाली.

खोट्या माहितीचे खंडन केले तर लोक ती अधिकच घट्ट धरतात, हे खरे आहे का?

सहसा नाही. २०१० मधील एका अभ्यासामुळे ही समजूत पसरली. पुढे थॉमस वुड आणि ईथन पोर्टर यांनी १०,००० हून अधिक लोकांवर ५२ विषय तपासले, तेव्हा असा उलटा परिणाम जवळजवळ दिसलाच नाही. खंडनाने वस्तुस्थितीचे ज्ञान सुधारते. त्यामुळे राजकीय निष्ठा किंवा मतदान बदलेल, अशी अपेक्षा मात्र ठेवू नये.

आधीच सावध करणे हा दुसरा मार्ग आहे. विल्यम मॅकग्वायर यांनी १९६० च्या दशकात त्याला लसीची उपमा दिली. ‘जेवणानंतर दात घासावेत’ यासारखी ज्यांवर कोणी वाद घालत नाही अशी मते पहिल्याच हल्ल्यात डळमळतात, पण आधी सौम्य हल्ला आणि त्याचे खंडन ऐकलेले असेल तर ती टिकतात. भारतातील अनुभव मात्र संयम शिकवणारा आहे. सुमित्रा बद्रीनाथन यांनी २०१९ च्या निवडणुकीच्या काळात बिहारमध्ये १,२२४ जणांचा अभ्यास केला. त्यात घरी जाऊन सुमारे तासभर खोट्या बातम्या ओळखण्याचे प्रशिक्षण दिले, तरी एकूण लक्षणीय सुधारणा आढळली नाही.

दारोदारच्या प्रचाराने मते बदलतात का?

जोशुआ काल्ला आणि डेव्हिड ब्रूकमन यांनी २०१८ मध्ये अमेरिकेतील ४९ क्षेत्रीय प्रयोग एकत्र पाहिले. मुख्य निवडणुकीत उमेदवाराच्या निवडीवर प्रचारसंपर्काचा सरासरी परिणाम शून्याच्या आसपास निघाला. याच दोघांनी २०१६ मध्ये मायामीत दाखवले होते की, दारात उभे राहून साधारण दहा मिनिटे केलेल्या एका विशिष्ट प्रकारच्या संभाषणाने तृतीयपंथी व्यक्तींविषयीचा पूर्वग्रह कमी होतो आणि तो परिणाम निदान तीन महिने टिकतो. त्या संभाषणात कार्यकर्ता घरमालकाला विचारत असे की, वेगळे असल्यामुळे तुम्हाला कधी कोणी हिणवले होते का, आणि मग शांतपणे ऐकत असे. पुढच्या अभ्यासांत हे अनुभवांचे देणेघेणे काढून फक्त मुद्दे ठेवले, तेव्हा परिणाम उरला नाही.

या संशोधनावर किती भरवसा ठेवावा?

प्रश्नागणिक वेगळा. मायामीच्या अभ्यासाआधी दारातल्या अशाच संभाषणांवर, पण समलिंगी विवाहाच्या विषयात, एक गाजलेला शोधनिबंध आला होता. ब्रूकमन आणि काल्ला तोच अभ्यास पुढे नेऊ पाहत असताना त्यातील आकड्यांचा मेळ बसेना. त्यांनी ते जाहीरपणे दाखवून दिले आणि २०१५ मध्ये तो निबंध मागे घेतला गेला. चूक पकडणाऱ्यांनीच नंतर प्रामाणिकपणे प्रयोग केला आणि परिणाम खरोखर सापडला, ही या क्षेत्रातली मला सर्वांत आश्वासक वाटणारी घटना आहे. अमेरिकी विद्यार्थ्यांवरचे निष्कर्ष वाई तालुक्यातल्या शेतकऱ्याला जसेच्या तसे लावता येत नाहीत. त्यासाठी येथे, येथल्या भाषेत प्रयोग व्हायला हवेत आणि ते फार थोडे होतात, याची मला मनापासून खंत वाटते.

संगणकाशी बोलून मत बदलू शकते का?

टॉमस कॉस्टेलो, गॉर्डन पेनीकुक आणि डेव्हिड रँड यांच्या २०२४ च्या अभ्यासात कटकारस्थानांवर विश्वास असलेल्या २,१९० अमेरिकी लोकांनी कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रणालीशी संवाद केला. त्यांचा विश्वास सरासरी सुमारे २० टक्क्यांनी उतरला आणि दोन महिन्यांनीही तो तसाच होता. प्रत्येकाने आपली कारणे स्वतःच्या शब्दांत आधी लिहिली होती आणि उत्तरही नेमके त्या कारणांना दिले जात होते. हीच यंत्रे असत्यही तितक्याच चिकाटीने पटवू शकतील, ही काळजी रास्त आहे.

हे ज्ञान फसवणुकीसाठी वापरले जाणार नाही का?

वापरले जाते, आणि म्हणूनच ते फक्त विकणाऱ्यांकडे न राहता ऐकणाऱ्यांपर्यंत मराठीत पोहोचणे मला गरजेचे वाटते. संशोधकांवरही हा प्रश्न उलटतो, कारण वर सांगितलेल्या काही प्रयोगांत सहभागी लोकांना खोटे सांगितले गेले होते. आज असे प्रयोग नीतिसमितीच्या परवानगीशिवाय करता येत नाहीत आणि प्रयोग संपल्यावर खरा हेतू सांगणे बंधनकारक असते. फेस्टिंजर आणि मेरिल कार्लस्मिथ यांनी १९५९ मध्येही शेवटी प्रत्येक विद्यार्थ्याला बसवून सर्व उलगडून सांगितले होते, ज्या मुलीशी तो खोटे बोलला तिला आधीपासून सगळे ठाऊक होते हेही सांगितले होते, आणि मग दिलेले पैसे परत मागितले होते. ज्यांची उत्तरे निष्कर्षांत धरली, त्या सर्वांनी ते आनंदाने परत केले. त्यांत २० डॉलर मिळालेले विद्यार्थीही होते.